अकरावी पायरी

४ ऑगस्ट, सोमवार

सत्तर टक्के! मला! तिसरीत शाळा सुटली, तोवर चाळिसाच्या वर कधी गेले नव्हते. आणि आज डॉक्टरीणबाई म्हणतात, "आजी, एका नळीत सत्तर टक्के, दुसरीत साठ." मी विचारलं, "म्हणजे पास ना?" त्या हसल्या. मुलगा नाही हसला.

तर मला हृदयरोग झालाय. मनगटातून बारीक तार आत घातली आणि माझंच हृदय मला टीव्हीवर दाखवलं. कसं उड्या मारत होतं! एवढं चपळ असेल असं वाटलं नव्हतं, बाकी अंग बघता. आमच्या घराण्यात आजवर गुडघे, पित्त आणि मूळव्याध यापलीकडे कुणाची मजल गेली नाही. सासूबाई तर साध्या म्हातारपणानेच गेल्या. हा आजार मोठ्या हुद्द्याच्या माणसांना होतो असं ऐकून होते. आता मला झाला म्हटल्यावर लेकीचा परगावाहून दिवसात चारदा फोन! एरवी आठवड्यात एकदा, तोही भाजीत मीठ जास्त झालं तर काय करू म्हणून.

ही वही ह्यांची. चाळीस वर्षं नळकाम केलं, काम सोडलं तेव्हा तीन वह्या कोऱ्या उरल्या. पानावर छापलंय — ठिकाण, कुठे गळते, काय केले. माझं बरोबर जमेल यात.

५ ऑगस्ट, मंगळवार

फ्रिजवर तक्ता लागला! डॉक्टरीणबाईंनी दिलाय. छातीत दुखलं का, हो की नाही. काय करताना. जिभेखालची गोळी घेतली का. सहा आठवडे रोज भरायचा. गोळ्यांनी दुखणं थांबलं तर गोळ्यांवरच भागेल, नाही थांबलं तर स्टेंट, नाहीतर बायपास. "आजी, मशीन काय सांगतं ते मला दिसतं," त्या म्हणाल्या. "पण जिना चढताना तुम्हाला काय होतं ते तुम्हीच सांगणार. तक्ता खरा भरा. त्याच्यावर ठरवणार आहे मी."

मला एवढं महत्त्व लग्नातसुद्धा नव्हतं.

एकच वाईट झालं. त्या म्हणाल्या, "वजन उचलायचं नाही." मुलाने लगेच विचारलं, "बाळ?" त्या म्हणाल्या, "दुखत असेल तर बाळही नाही."

बाळ म्हणजे ठकी. माझी नात, आठ महिन्यांची. सून चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, दोन महिन्यांपूर्वी कामावर परत लागली. तेव्हापासून सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ठकी माझी. पूर्ण माझी! स्वतःची दोन पोरं वाढवली, पण ती सासूबाईंच्या हाताखाली. कधी न्हाऊ घालायचं, कधी निजवायचं, सगळं त्या सांगणार. ठकीच्या बाबतीत मीच सासूबाई.

घरी येताना मुलगा गाडीत म्हणाला, "आई, तुला झेपत नसेल तर स्पष्ट सांग. पाळणाघराचा फॉर्म आणलेला आहेच." तो बस डेपोत वेळापत्रकं करतो, त्याच्याकडे एक गाडी बिघडली की दुसरी तयार असते.

मी म्हटलं, "मला काही होत नाही."

७ ऑगस्ट, गुरुवार

वन्सं समाचाराला आल्या. दारातूनच, "किती ब्लॉक?" म्हटलं, दोन. "दोनच?" त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. "माझे पाच होते, वहिनी. पाच!" मग पदर बाजूला करून छातीवरचा व्रण दाखवला. तेवढ्यात सिलिंडरवाला दारात. त्यालाही दर्शन झालं असतं, मीच आडवी उभी राहिले.

त्यांची बायपास झाली त्याला नऊ वर्षं. पायातली शीर काढून छातीत बसवली. चार महिने कुशीवर वळता आलं नाही, खोकला आला की उशी छातीशी धरून खोकायचं. पण बाई आता तीन जिने चढतात, हे खरं. "करून टाक बायपास, निर्धास्त होशील," म्हणाल्या. "फक्त तीन महिने काही उचलायचं नाही हं. बादली नाही, पोर नाही."

तीन महिन्यांत ठकी चालायला लागेल. मी त्यांना चहा दिला आणि विषय त्यांच्या मानेच्या पट्ट्यावर नेला. तिथे त्या तासभर रमल्या.

९ ऑगस्ट, शनिवार

ह्यांनी आज पहिल्यांदा मत दिलं. इतके दिवस नुसतेच रिपोर्ट उलटसुलट करून बघत होते. "अगं, सोपं आहे. पाइपात क्षार बसला की तीन उपाय. पाण्यात औषध सोडायचं, आतून बाही घालायची, नाहीतर बाजूने नवी लाइन टाकायची."

"मग कुठलं चांगलं?"

"तसं नसतं. औषधाने बसलेला क्षार निघत नाही फारसा, आणखी बसायचा थांबतो. पण रोज सोडावं लागतं, एक दिवस चुकवून चालत नाही. बाही घातली की लगेच धार येते, पण बाहीतही कचरा अडकू शकतो, आणि बाकीचा पाइप जुना तो जुनाच. नवी लाइन टिकते, पण भिंत फोडावी लागते."

"भिंत म्हणजे मी का?"

"हो," म्हणाले. सहजच म्हणाले. मग बराच वेळ फोटोकडे बघून, "पाणी बंद न करता करतात गं हे काम. चालू लाइनीवर! कारागीर आहेत." डोळ्यांत कौतुक. पंचावन्न वर्षांत माझ्या हृदयाकडे इतकं निरखून त्यांनी प्रथमच पाहिलं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

लिहू की नको? इथे लिहिते. तक्त्यावर नाही.

रोज अकरा वाजता मी ठकीला घेऊन खाली जाते. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. सायकलवाला एक चाक उलटं टांगून तिच्यासाठी गरगर फिरवतो. ती असं काही बघते की तो चाक नाही, जग फिरवतोय! परत येताना आमचा जिना, चोवीस पायऱ्या. अकराव्या पायरीला छातीत आवळलं. कुणीतरी ओलं फडकं पिळावं तसं. मी थांबले, ठकीचा मोजा नीट करतेय असं केलं. शेजारचे मास्तर उतरत होते, म्हणाले, "काय आजी, मोजा?" म्हटलं, "हो ना, राहतच नाही पायात!" मिनिटा-दोन मिनिटांत गेलं.

संध्याकाळी सून तक्त्यापाशी पेन घेऊन उभी. "आई, आज?"

"नाही."

तिने 'नाही' लिहिलं. अक्षर किती सुरेख आहे तिचं.

१३ ऑगस्ट, बुधवार

मोजा. नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

घरात सभा भरली. लेक फोनवर, फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केलेला. वन्सं होत्याच. विषय — माझं हृदय. मला बोलावलं नव्हतं, पण सभा माझ्याच स्वयंपाकघरात होती आणि चहा मलाच करायचा होता.

लेक म्हणाली, "बायपासच करा. कायमचं एकदाच होऊन जाऊ दे." ती चारशे मैलांवर. बायपासनंतरचे तीन महिने तिच्याकडे नाहीत.

मुलगा म्हणाला, "गोळ्या उत्तम. कापाकापी नाही, सुट्टी नाही." सून म्हणाली, "मला वाटतं स्टेंट. दोन दिवसांत घरी." दोन दिवस म्हणजे शनिवार-रविवार, तिची रजा जात नाही. वन्सं म्हणाल्या, बायपास. दुसरं काय म्हणणार? पाचाचं मोल कमी झालं असतं.

प्रत्येकाने माझ्या भल्याचंच सांगितलं. आणि काय नवल — माझं भलं ज्याच्या त्याच्या सोयीपाशी येऊन थांबत होतं! मी हसू दाबून कप विसळत होते. हसायचा तरी मला काय हक्क? माझीही सोय माझ्या कडेवर बसून कानातलं ओढत होती.

"आईला काय वाटतं?" शेवटी सुनेने विचारलं.

"मला गोळ्यांनी बरंच वाटतंय."

मुलाचा चेहरा असा खुलला, जणू सगळ्या गाड्या वेळेवर सुटल्या.

२० ऑगस्ट, बुधवार

अकरावी पायरी. थांबले. सायकलवाल्याने आज दोन चाकं फिरवली. सुख!

२४ ऑगस्ट, रविवार

गोळ्यांचं थोडं लिहिते. सकाळी चार, रात्री तीन. एकीने सर्दी नसताना कोरडा खोकला येतो. एकीने उठताना गरगरतं. एकीने चिमटा काढला तरी काळंनिळं होतं — ठकीने दंडाला धरलं, पाच बोटं उमटली. सुनेने घाबरून विचारलं, "आई, हे काय?" म्हटलं, "तुझ्या लेकीची सही!" पण आधी अंघोळ करतानाही दम लागायचा, तो आता लागत नाही. म्हणजे गोळ्या काम करतात, खोटं कशाला बोलू?

खोटं कशाला बोलू, हे मी लिहिलं. वाचून मलाच हसू आलं.

जिभेखालच्या गोळ्यांची छोटी बाटली वेगळी. तीस गोळ्या. दुखलं की बसायचं, एक जिभेखाली ठेवायची. सून दर रविवारी त्या मोजते. डोळे तपासणारीची नजर, एक कमी झाली तर चटकन कळेल. म्हणून मी घेत नाही. आजही तीस भरल्या. सून म्हणाली, "शाब्बास, आई!"

चांगली साडी मी अशीच ठेवून देते, म्हणते मोठा समारंभ येईल तेव्हा नेसू. ही गोळीही तशीच. मोठं दुखणं येईल तेव्हा घेऊ.

२८ ऑगस्ट, गुरुवार

तपासणी. डॉक्टरीणबाईंनी तक्ता बघितला. सगळे नाही, नाही, नाही. एका रांगेत, सुनेच्या अक्षरात, सुतासारखे सरळ. "आजी, कमाल केलीत! ही खरी औषधांची ताकद." बाजूला दोन शिकाऊ डॉक्टर उभे होते, त्यांना म्हणाल्या, "बघा, प्रत्येकाला स्टेंटची जाळी बसवायची घाई करायची नसते." त्यांनी माना हलवल्या, एकाने लिहून घेतलं. मी धडा झाले!

छातीत अवघडल्यासारखं झालं. हे दुखणं वेगळं, याला रकाना नाही.

घरी सगळ्यांनी यश वाटून घेतलं. मुलगा म्हणाला, मी आधीच म्हटलं होतं. सून म्हणाली, तेल कमी केलं मी. लेकीने फोनवर सांगितलं, तिने पाठवलेले श्वासाचे व्हिडिओ कामी आले. वन्सं तेवढ्या हिरमुसल्या. ह्यांनी वाटा घेतला नाही. संध्याकाळी मी भाजी घेऊन वर आले, तर दारात उभे. म्हणाले, "मध्येच पाय थांबतात तुझे. ऐकू येतं वर."

"मोजा—"

"आज ठकी आत झोपलीय."

मी भाजी निवडायला बसले.

१ सप्टेंबर, सोमवार

ठकी रांगली! पुढे नाही, मागे. खेकड्यासारखी. पलंगाखाली गेली आणि आतून ओरडली, मलाच काढायला लागलं. वाकले, ओढली, दोघी घामाघूम. सुनेला सांगितलं नाही. संध्याकाळी तिच्यासमोर पुन्हा रांगली, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, "पहिल्यांदा! पहिल्यांदा!" म्हणून. सुनेचे डोळे भरून आले. हेही एक खोटं. पण हे मी रोज बोलेन.

४ सप्टेंबर, गुरुवार

घाईत लिहितेय, अक्षर वेडंवाकडं येईल.

आज अकराव्या पायरीची वाट बघितली नाही त्याने. चौथ्याच पायरीला आलं. आवळलं, जबड्यात गेलं, डाव्या हातात उतरलं. ठकी डाव्या कडेवर. हात असा जड झाला की तो माझा नाहीच, कुणी दुसऱ्याने माझ्या खांद्याला टांगलाय. मी बसले. बसले म्हणजे पडलेच. ठकी मांडीवरून घसरली, खालच्या पायरीकडे, कठड्याच्या लोखंडाकडे. उजव्या हाताने झबलं मागून पकडलं. पुरं झबलं नाही, नुसती नाडी.

नाडी तुटली नाही.

ती हसली! तिला खेळ वाटला. पुन्हा कर म्हणून अंग झोकून देत होती.

कनवटीची बाटली काढली, गोळी जिभेखाली ठेवली. इतक्या दिवसांत पहिली. डोकं ठणकायला लागलं, पण छाती दोन मिनिटांत मोकळी झाली. दोन मिनिटांत! मी काय साठवून ठेवत होते?

वर आले नाही. ह्यांना हाक मारली. ते आले, ठकीला घेतलं, मला धरलं. "सांगतेस, की मी सांगू?"

मी म्हटलं, "मी."

सहा वाजता सून आली. मी तक्ता फ्रिजवरून काढला, ही वही उघडली आणि तिला पुढ्यात बसवून एकेक तारीख वाचून दाखवली. बारा — हो. तेरा — हो. वीस — हो. जिन्यावर, ठकी कडेवर. आजचीही सांगितली. नाडीपर्यंत सगळं.

तिने ठकीला असं घट्ट धरलं की ती रडली. सुनेने तिला खांद्यावर घेऊन थोपटलं. मग म्हणाली, "आई, मी तुमच्या भरवशावर बाहेर पडत होते." एवढंच. आवाजही चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मुलगा गाडी काढतोय.

६ सप्टेंबर, शनिवार

दवाखान्यात आहे. डॉक्टरीणबाई परवा रागावल्या. चांगल्याच! "मी तुमच्या 'नाही'वर औषधं ठरवली, आजी. दोन मुलांना शिकवलं तुमच्यावरून." मग पलंगावर बसल्या आणि समजावून सांगितलं. कमी श्रमात दुखायला लागलं, आता थांबायचं नाही. मुख्य नळी चांगली आहे, साखर नाही, दोनच जागा, म्हणून जाळी पुरेल. वन्संचं वेगळं होतं, त्यांना बायपासच योग्य. जाळीने दुखणं लवकर जातं. पण रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या एक दिवस जरी चुकवल्या तर जाळीत गाठ होऊ शकते. आणि जाळी बसली म्हणजे रोग गेला असं नाही, बाकी सगळ्या गोळ्या चालूच.

"पाइप जुना तो जुनाच," हे कोपऱ्यातून म्हणाले.

"अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. ह्यांची मान इतकी ताठ झाली!

मी विचारलं, "आणि बाळ कधी उचलायचं?"

"आठवडाभर थांबा. मग सावकाश."

आठवडा! सगळे 'हो' पहिल्यापासून लिहिले असते तर ऑगस्टातच आठवडा होऊन गेला असता. एका आठवड्याच्या भीतीने मी महिनाभर तिला कठड्याशेजारून नेत होते.

आज सकाळी दोन जाळ्या बसल्या. मनगटातूनच. मी जागी होते.

८ सप्टेंबर, सोमवार

घरी आले. जिना चढले. अकरावी पायरी आली आणि गेली, कळलीसुद्धा नाही! वर येऊन सांगितलं, "नाही दुखलं!" मुलगा ह्यांच्याकडे बघत होता, खरं का म्हणून.

तक्त्यावर आता माझं उत्तर सून लिहीत नाही. ह्यांना विचारून लिहिते.

ठकी पुढच्या महिन्यापासून पाळणाघरात. मुलाने फॉर्म भरला. मी भांडले नाही, कुठल्या तोंडाने भांडू? सून म्हणाली, "आई, शिक्षा म्हणून नाही. तिथे सुरक्षित आहे म्हणून." एवढं मात्र विचारलं, जागा बघायला मी येऊ का. "या," म्हणाली. आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

२२ सप्टेंबर, सोमवार

पाळणाघर पाहिलं. दुसऱ्या मजल्यावर, स्वच्छ, भिंतीवर ससे. चालवणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या, हसऱ्या, एक पोर ह्या कडेवर, एक त्या. सून खूश. आम्हाला दाखवायला त्या पुढे जिना चढत होत्या, मागून मी, न थांबता. मध्येच त्या थांबल्या. दोन्ही पोरांना खिडकीकडे वळवून म्हणाल्या, "बघा बघा, कबुतर!" ओठ पांढरे. खिडकीत कबुतर नव्हतं.

सून वर पोचली होती. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले, एक पोर त्यांच्या कडेवरून माझ्याकडे घेतलं आणि हळूच विचारलं, "बाई, कितव्या पायरीला येतं?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग आणखी हळू म्हणाल्या, "नवव्या."